खारीला कुणाच्या हाती देऊ?

कऱ्हाडहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मलकापूरला हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक लॅब्राडोर मादी दिसली. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नाव-नंबर काही नाही. पांढरी गाडी थांबली की उठून दारापाशी जायची, गाडी निघाली की परत त्याच जागी येऊन बसायची. दोन दिवस हे बघितलं, तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. आल्या आल्या तिनं खारीचा अख्खा पुडा कागदासकट संपवला, म्हणून मुलीनं नाव ठेवलं खारी. डॉक्टर म्हणाले वय सहा-सात असेल, बरीच वेतं झालेली दिसतात. मागचा डावा पाय थोडा ओढते. कान सारखे खराब होतात. स्वभावानं मात्र अगदी गाय.

मला तिला ठेवायचं होतं. पण मुलीला दमा आहे, या पावसाळ्यात दोनदा नेब्युलायझर लावायला लागला. शिवाय घरमालकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. 'कृपया दत्तक घ्या, नाहीतर बिचारीला परत रस्त्यावर जावं लागेल' असं लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. चार जण पुढं आले. दिरांच्या ओळखीचे एक बागायतदार मळ्यावर ठेवायला तयार आहेत. कोल्हापूरच्या एका कुटुंबाला मुलाच्या आठव्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. एकानं फोनवर नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, जातीचे पेपर आहेत का एवढंच विचारलं आणि 'उद्याच येऊन नेतो' म्हणाला. चौथं साताऱ्याचं एक निवृत्त जोडपं. त्यांचं कुत्रं सहा महिन्यांपूर्वी गेलं. पण ते इतके प्रश्न विचारतात, रक्ताचे रिपोर्ट काढलेत का, जिना चढते का, की भाजी निवडून घेतल्यासारखं वाटतं. आधी पंधरा दिवस ठेवून बघू म्हणतात. घरचे सगळे म्हणतात मळाच बरा, मोकळी राहील. मला रात्री झोप लागत नाही. एकानं तिला टाकलं, आता मीही टाकतेय का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. टाकणारा गाडीचं दार उघडतो आणि मागं न बघता निघून जातो. तुम्ही साडेतीन महिने तिचे कान पुसलेत आणि चार माणसांना चाळणी लावताय. मुलीला श्वास लागत असताना कुत्रं घरात ठेवा, असं मीच काय, कुत्र्यांसाठी जीव टाकणारं कुणीही शहाणं माणूस सांगणार नाही. तेव्हा हा विषय इथं संपला.

(टाकणाऱ्याचं काय, असं वाटलं असेल तर: प्राण्याला उपाशीतापाशी राहावं लागेल अशा अवस्थेत सोडून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तिला हायवेपर्यंत आणायला त्याहून जास्त पेट्रोल जळालं असेल.)

आता मळा. तुमच्या घरचे जे म्हणतात ते महाराष्ट्रात प्रत्येक घरात म्हटलं जातं. कुत्रं जड झालं की सगळ्यांना एकदम शेत आठवतं. 'मळ्यात मोकळी राहील' हे वाक्य ऐकायला इतकं छान आहे की पुढचं कुणी विचारतच नाही. मी विचारते. रात्री कुठं राहील?

मळ्यातलं कुत्रं बहुतेक ठिकाणी दिवसा साखळीला असतं आणि रात्री मोकळं, किंवा दोन्ही वेळा साखळीलाच. आणि तुमच्या भागात ऊस उभा असला की त्यात कोण राहतं हे मी पुण्यात बसून तुम्हाला सांगायला नको. तोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर हंगामात असतात. तिकडं अकोले तालुक्यात शेतीपट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यात शेळी नाही, वासरू नाही, सगळ्यात जास्त सापडलं ते कुत्रं. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो हौसेखातर नसतो. पण ती कुत्री पिल्लू असल्यापासून कळपाबरोबर, माणसाच्या हाकेच्या अंतरात, दुसऱ्या दोन कुत्र्यांच्या सोबतीनं मोठी होतात. खारी सात वर्षांची, एक पाय ओढणारी, अंगानं जड. तिला रात्री विहिरीपाशी बांधून ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं आहे.

शिवाय राखण तिच्या रक्तात नाही. लॅब्राडोर ही मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळ्या आणि मासे ओढून आणणारी जात. वस्तू तोंडात धरून माणसाला आणून देणं हा तिचा धंदा. चोर आला तर ती त्याची चप्पल तोंडात घेऊन त्याला स्वयंपाकघरापर्यंत सोडायला येईल. ज्यांना राखण हवीय त्यांची दोन महिन्यांत निराशा होणार, आणि निराश माणसाच्या हाती कुत्रं नको.

म्हणून शेतावरची सगळी घरं वाईट असं मात्र समजू नका. मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या घरांतली दोन शेतावरचीच होती. तिथं कुत्रं रात्री पडवीत कडी लावून झोपायचं आणि घरातली म्हातारी सकाळी चहाआधी त्याला भाकरी घालायची. दिरांच्या ओळखीच्या त्या बागायतदारांना एवढंच विचारा: 'आधीची कुत्री किती होती, आणि ती कशानं गेली?' हा प्रश्न खरं तर चौघांनाही विचारायचा. 'म्हातारं होऊन गेलं', 'कॅन्सर होता, सहा महिने औषध दिलं' हे एक प्रकारचं उत्तर. 'एक गाडीखाली आलं, एक वाघानं नेलं, एक कुठं गेलं कळलंच नाही' हे दुसऱ्या प्रकारचं. दुसरं उत्तर देणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. त्याच्याकडं कुत्री येतात-जातात, इतकंच. खारीचं जाणं-येणं आता पुरे झालं.

'उद्याच येऊन नेतो'वाल्याचा नंबर ब्लॉक करा. ऑपरेशन झालंय का, पेपर आहेत का, हे दोनच प्रश्न विचारणाऱ्याला कुत्रं नको असतं, गर्भाशय हवं असतं. बहुतेक अशाच कुणाकडून ती आली असणार. लोंबलेले सड, बरीच वेतं, सहा-सातव्या वर्षी रस्ता: पिल्लं विकणाऱ्यांकडच्या मादीची गोष्ट अशीच संपते. २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांप्रमाणे ब्रीडरला नोंदणी सक्तीची आहे आणि एका मादीची आयुष्यभरात पाचापेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. नियम कागदावर आहेत, मादी मलकापूरच्या सर्व्हिस रोडवर. तो माणूस कदाचित बायकोच्या किंवा भाच्याच्या नंबरवरून परत फोन करेल. त्यावर एकच उपाय: ऑपरेशन झाल्याशिवाय खारी घराबाहेर जाणार नाही, असं पुढच्या प्रत्येक पोस्टमध्ये पहिल्या ओळीत लिहा. निम्मे फोन आपोआप बंद होतात.

(आपण 'कुत्री' हा शब्द शिवीसाठी इतका राखून ठेवलाय की चांगली माणसंही तुमच्यासारखी 'मादी' नाहीतर 'फीमेल' म्हणतात. मलाही लिहिताना अडखळायला होतं, म्हणून मी सरळ खारी म्हणते.)

ऑपरेशन फक्त त्या माणसासाठी नाही. या वयात नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजानंतर महिना-दीड महिन्यानं ती एकदम मलूल होते, पाणी ढसाढसा पिते, आणि दोन-चार दिवसांत जिवावर बेततं. नव्या घरात गेल्यावर हे झालं तर त्या माणसांना कळणारही नाही की काय चाललंय. ऑपरेशन माजावर असताना करत नाहीत, माज होऊन दोन-तीन महिने गेलेले बरे, म्हणून तुमच्याकडं आल्यापासून कधी रक्त दिसलं का ते आठवून डॉक्टरांना सांगा. आधी रक्त तपासून घ्या, त्यात प्लेटलेट्स आवर्जून. जूनमध्ये रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगात गोचीड तापाचे जंतू दबा धरून बसलेले असू शकतात, प्लेटलेट्स कमी असल्या तर टाक्याच्या वेळी रक्त थांबत नाही. आणि एकदा भूल दिलीच आहे तर त्याच वेळी खुब्याचा एक्स-रे काढून घ्यायला सांगा. पाय ओढण्याचं कारण तिथंच असण्याची शक्यता जास्त, लॅब्राडोरचे खुबे या बाबतीत बदनाम आहेत. सडांत कुठं गाठ लागते का तेही बघायला सांगा. कऱ्हाडमध्ये सगळं जमलं तर उत्तम. नाहीतर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्याच जिल्ह्यात, हायवेला लागून. आधी फोन करून वेळ घ्या.

तिथं गेलात की मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) स्कॅनर असेल तर मानेवरून फिरवून घ्या. मिनिटाचं काम आहे. पंधरा आकडी नंबर निघाला तर मालकाचा माग लागू शकतो. बहुतेक काही निघणार नाही, पण उद्या कुणी 'आमची आहे' म्हणत आलं तर तुमच्याकडं उत्तर असेल. रेबीजची लस आणि सेव्हन इन वन ही एकत्रित लस झालीच असेल. नसेल तर तेही आत्ता, आणि कार्डावर डॉक्टरांचा शिक्का घ्यायला विसरू नका.

आता तुमची जाहिरात. रागावू नका, पण ती चुकीची आहे. 'नाहीतर रस्त्यावर जावं लागेल' असं लिहिलं की लोकांना खारी दिसत नाही, फक्त स्वतःचं चांगुलपण दिसतं. दयेच्या भरात घेतलेलं कुत्रं दया ओसरली की परत येतं. आणि तुम्ही पाय लिहिला नाही, कान लिहिले नाहीत, वय तर लिहिलंच नाही. का, ते मला ठाऊक आहे. मीही एकदा असंच गाळलं होतं.

पंधरा वर्षं झाली असतील. गुंड्या नावाचा तांबडा देशी कुत्रा होता माझ्याकडं, एका बांधकामाच्या जागेवर सापडलेला. गोड, शहाणा, पट्ट्यावर चालणारा. फक्त फटाक्याला भयंकर घाबरायचा. एकदा लग्नाच्या वरातीत बार उडाला तर माझ्या पलंगाखाली घुसून फरशी उकरत बसला होता, नखांतून रक्त येईपर्यंत. नवरात्रात एक घर आलं, आई-वडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी, दारात पाय ठेवताच मला आवडले. फटाक्याचं सांगितलं तर बिचकतील, नव्या घरात प्रेमानं सुधारेल, असं मनाशी म्हणत मी गप्प बसले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजाऱ्यानं हजाराची माळ लावली. दार पणती ठेवायला म्हणून उघडं होतं. गुंड्या गेला.

नवव्या दिवशी सापडला. सहा किलोमीटरवर, लाकडाच्या वखारीत, उभ्या ट्रकखाली. पंजांच्या गाद्या फाटलेल्या, डोळे असे की मला ओळखेना. हाक मारली की आणखी आत सरकायचा. शेवटी मी त्याच्याकडं पाठ करून जमिनीवर बसले, शेजारी उकडलेलं अंडं ठेवलं, आणि बोललेच नाही. पाऊण तास. मग कोपराला ओलं नाक लागलं. त्या घरातली आई रडत म्हणाली, 'तुम्ही एक शब्द बोलला असतात तर आम्ही दारं लावून बसलो असतो हो.' त्यांची काहीच चूक नव्हती. ती माणसं त्याला परत घेऊन गेली. पुढची अकरा वर्षं गुंड्या त्यांच्याकडंच होता. लक्ष्मीपूजनाला पूजा आटोपली की घरातलं कुणी ना कुणी बाथरूममध्ये पंखा लावून त्याच्याशेजारी बसायचं, पाळ्या लावून. म्हणजे खरं सांगूनही त्यांनी त्याला घेतलंच असतं. मीच त्यांना कमी लेखलं.

म्हणून जाहिरात अशी लिहा. तुमच्या शब्दांत बदला, पण काही गाळू नका:

'खारी. लॅब्राडोर, वय अंदाजे ७, वजन अमुक. नसबंदी झालेली, लसीकरण पूर्ण, रिपोर्ट दाखवू. मागचा डावा पाय थोडा ओढते, एक्स-रे काढला आहे. कान आठवड्यातून दोनदा पुसावे लागतात, हे आयुष्यभराचं काम आहे. अन्न समोर दिसलं तर सोडत नाही, ओट्यावर काही ठेवू नका. घरात घाण करत नाही. मुलांबरोबर शांत. मांजराचा अनुभव नाही. एकटं चार तास राहते, त्याहून जास्त ठेवून बघितलेलं नाही. गाडीत बसायला घाबरते. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्याच घरात देणार, आधी घर बघून. पुढं काही कारणानं जमलं नाही तर आम्हालाच परत द्यावी.'

गाडीचं मी अंदाजानं लिहिलंय, तुमच्या पत्रातल्या पांढऱ्या गाडीवरून. खोटं असेल तर खोडा.

फोटो उभ्यानं वरून काढू नका. मांडी घालून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, सकाळी खिडकीपाशी. साखळी, पिंजरा, रडवेला चेहरा नको. आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका ती चालतानाचा, ओढता पाय स्पष्ट दिसेल असा. तो बघून जो फोन करेल तोच तुमचा माणूस.

कोल्हापूरच्या कुटुंबाला नाही म्हणा, पण दार लावून घेऊ नका. लॅब्राडोर आणि आठ वर्षांचं पोर ही जोडी उत्तम. वाईट आहे ते सरप्राइज. वाढदिवसाला वीस पोरं, फुगे फुटतायत, केक खाली सांडलाय, आणि मध्ये एक भेदरलेली सात वर्षांची खारी. तिला तर ते नकोच, पण त्या पोरालाही बहुतेक पिल्लू अपेक्षित असेल. (शिवाय त्या केकवर चॉकलेट असणार. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका हे कुत्र्याला विष आहे, आणि खारीपुढं पुडा टिकत नाही हे आपल्याला माहीत आहे.) त्यांना म्हणा, वाढदिवस होऊ द्या, मग मुलाला घेऊन दोनदा भेटायला या. आले तर विचार करू. बहुतेक येणार नाहीत.

राहिले साताऱ्याचे आजी-आजोबा, तुम्हाला चोखंदळ वाटलेले. ताई, मला तर पत्र वाचताना तिथंच हायसं वाटलं. जो माणूस रक्ताचे रिपोर्ट मागतो त्याला ते वाचता येतात, म्हणजे त्यानं आधी कुणाचे तरी वाचलेत, दवाखान्याच्या बाकावर बसून. जिना चढते का हे विचारणाऱ्यानं जिना चढू न शकणारं कुत्रं सांभाळलंय. आणि पंधरा दिवस ठेवून बघू हे तर मीच तुम्हाला सुचवणार होते. तो अपमान नाही, त्यात दोन्हीकडची सोय आहे. ते तिला निवडतायत तसं तुम्हीही त्यांना निवडायचं.

त्यांना विचारण्यासारखं तीन-चारच आहे. घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? नसेल तर अठ्ठावीस-तीस किलोचं कुत्रं आजारी पडलं की खाली कोण उतरवणार? घर भाड्याचं असेल तर मालकाचा होकार लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, तुमच्या डोळ्यांनी बघा. स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटीनं ठराव केला तरी पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे, तेव्हा त्याची धास्ती नको. गावाला जाताना कुत्रं कुठं राहतं? आणि अवघड प्रश्न: त्यांच्यापैकी कुणाला काही झालं तर? हे विचारताना जीभ अडखळेल. 'मुलाला माहीत आहे का, त्याचा नंबर देता का' असं म्हटलं की प्रश्न पोचतो. ज्यांचं कुत्रं म्हातारं होऊन गेलंय त्यांनी याचा विचार केलेला असतोच.

घर बघायला जाताना खारीला घेऊन जा. अर्धा तास थांबा, चहा घ्या. तिच्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा. ते तिला लगेच कुरवाळायला धावतात की बसून वाट बघतात. बाल्कनीच्या गजांतून डोकं जाईल का. फाटकाखाली किती फट आहे. जिना असेल तर तिला तिच्या चालीनं चढू द्या. दोन मजले चढून ती धापा टाकत बसली तर तिथं, त्याच वेळी, मोठ्यानं बोला. माणसं कितीही आवडली तरी पायाला जिना झेपत नसेल तर ते घर तिचं नाही, आणि मग शोध पुढं चालू. तसं झालं तर तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. ज्यांचं कुत्रं गेल्या वर्षभरात गेलंय अशी चार घरं त्यांना तोंडपाठ असतात, आणि फेसबुकच्या हजार लाइकपेक्षा ती चार घरं कामाची. शेल्टरचा विचार अगदी शेवटी करा. तिथली माणसं मेहनती आहेत, पण जागा नेहमीच भरलेली असते, आणि सात वर्षं माणसाच्या घरात काढलेली खारी शंभर भुंकणाऱ्या कुत्र्यांत खाणं सोडेल. त्यांच्याकडून तिची पोस्ट मात्र पुढं पाठवून घ्या.

एक साधा कागद करा. तिचं वर्णन, दोघांची नावं-पत्ते, ओळखपत्राची प्रत, विकायची नाही, दुसऱ्याला परस्पर द्यायची नाही, नको झाली तर परत. स्टॅम्प पेपर लागत नाही. कोर्टात त्याचं काय होईल यापेक्षा सही करताना माणूस कसा वागतो ते बघायला तो कागद असतो.

पैसे घेऊ नका. कुणी ऑपरेशनचा खर्च उचलतो म्हणालं तर थेट डॉक्टरांना द्यायला सांगा.

द्यायच्या दिवशी तिची चादर न धुता सोबत द्या, वास राहू दे. वाटीही तीच. सकाळी खायला थोडंच घाला, नाहीतर गाडीत उलटी होईल. पट्ट्यावर दोन्हीकडचे फोन नंबर असलेला बिल्ला आधीच लावा, आणि गळपट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही, दोन दोऱ्या. नवं कुत्रं पळतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यात, आणि पट्ट्यातून मान काढूनच. त्या लोकांना सांगून ठेवा: पहिले तीन दिवस ती कदाचित खाणार नाही, कोपऱ्यात बसेल, घरात शू करेल. आंघोळ नको, पाहुणे नकोत, शेजारची पोरं दाखवायला आणू नका. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तिचे नखरे बाहेर येतात, आणि आपलं घर वाटायला तीन महिने लागतात. दूध-चपातीवर भागवू नका म्हणावं, अंडं, चिकन किंवा चांगलं तयार खाणं हवं, पण मोजून, या जातीचं पोट भरल्याचं मेंदूला कळत नाही आणि वाढलेलं वजन तिच्या खुब्यावर येईल. तुम्ही पहिले पंधरा दिवस भेटायला जाऊ नका. फोटो मागवा, रोज एक. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी फेरी, आधी सांगून.

मुलीला मात्र घर बघायला सोबत न्या. खारीला 'पाठवून दिली' असं तिनं शाळेतून आल्यावर ऐकू नये. दम्यामुळं कुत्रं गेलं हे तिच्या डोक्यात बसणार, तर तिनं निदान ती बाल्कनी, ते आजोबा, तो जिना स्वतः बघितलेला असू दे.

आणि तारखांचं गणित एकदा घाला. ऑपरेशन, दहा-चौदा दिवसांनी टाके, मग घर बघणं, मग पंधरा दिवसांची चाचणी. हे सगळं ओढून-ताणून केलं तर खारी नव्या घरात जाईल ती बरोबर फटाक्यांच्या तोंडावर, आणि त्या चुकीची किंमत मी वर सांगितलीच आहे. घरमालकांना मिठाईचा पुडा घेऊन भेटा, ऑपरेशनची तारीख दाखवा, आणि मुदत दिवाळीऐवजी तुळशीच्या लग्नापर्यंत मागून घ्या. घर ठरलंय, फक्त टाके वाळायचेत, असं म्हटलं की बहुतेक मालक दोन आठवडे देतात. नाहीच दिले तर तेवढ्यापुरती ठेवून घेईल असं कुणी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. हे बोलणं आजच उरका.